संकटात सोमवारची मीटिंग रद्द करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या काही आठवड्यांत नाशिक भागातल्या अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या छोट्या कारखानदारांबद्दल एकामागून एक बातम्या आल्या. ऑर्डरी कमी झाल्या, पेमेंट अडकलं, असोसिएशननं निवेदन दिलं, सरकारनं लक्ष घालावं, वगैरे. त्यातलं काही खोटं नाहीये. पण एक बाजू कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. मी बरीच वर्षं अंबड एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांची हिशेबाची कामं करते, कुणाकडे सकाळी, कुणाकडे दुपारनंतर, त्यामुळे एकच मंदी मला वेगवेगळ्या ऑफिसात बसून बघायला मिळते. तोच कस्टमर असतो, तेवढीच शेड, तेवढंच कर्ज, मशीनही जवळपास सारख्याच, आणि तरी एक युनिट वर्षभरात सावरतं आणि त्याच गल्लीतलं दुसरं युनिट गाळा विकून मोकळं होतं. हे असं का होतं हा प्रश्न मला खरंच सतावतो, कारण बंद पडलेल्या प्रत्येक गाळ्यामागे वीस-पंचवीस घरं असतात आणि त्यातली बरीचशी आमच्याच सिडकोत, उत्तमनगरला, पाथर्डी फाट्याला राहतात.

माझ्या बघण्यात तरी फरक मालक किती हुशार आहे याचा नसतो. संकट आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत रोजची कंटाळवाणी कामं चालू राहतात की बंद पडतात, इथेच बरंचसं ठरून जातं.

म्हणजे काय ते सांगते. कस्टमरचा मेल येतो की पुढच्या महिन्याचं शेड्युल, म्हणजे किती माल हवा ते, निम्म्यावर आलंय. त्या दिवसापासून मालक जागेवर सापडत नाही. सकाळी या मोठ्या माणसाला भेटायला, दुपारी त्या बँकेत, संध्याकाळी असोसिएशनच्या मीटिंगला, आणि मधल्या वेळात व्हॉट्सअॅपवर सतरा ग्रुप. धावपळ भरपूर होते पण ऑफिसात सह्यांचे चेक पडून राहतात, सुपरवायझर विचारतो की उद्या कुठलं काम लावू तर उत्तर मिळत नाही, परचेसवाला सवयीनं मागच्या महिन्याएवढंच मटेरियल मागवून बसतो. आणि सगळ्यात आधी काय रद्द होतं तर सोमवारची मीटिंग. चांगले दिवस होते तेव्हा दर सोमवारी साडेनऊला अर्धा तास बसायचे सगळे, आता "अरे या गडबडीत कसली मीटिंग" म्हणून ती जाते, आणि ती गेली की कोण कुणाला काय विचारणार हेच कळेनासं होतं. खरं तर ती मीटिंग अशाच दिवसांसाठी असते हो.

नाशिकला संकटं नवीन नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी झाली तेव्हा दुसऱ्याचा माल घडवून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यांचे पगार रोखीत व्हायचे, ते एका रात्रीत अडले. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सहा महिने कुणाला कुठलं रिटर्न भरायचं कळत नव्हतं. २०१९ ला गाड्यांची विक्री बसली, मोठ्या कंपन्यांनी नो प्रॉडक्शन डे घेतले आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या व्हेंडरांच्या, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्यांच्या, शेडमध्ये दुपारी बारालाच शांतता असायची. त्यातून उठतोय तोवर मार्च २०२० चा लॉकडाऊन. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा परत तीच तारांबळ, थेट एक्स्पोर्ट न करणारे सुद्धा हादरले कारण त्यांचा कस्टमर एक्स्पोर्ट करत होता. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही येतंच. मग दर वेळी आपण तहान लागल्यावर विहीर का खणतो?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पैशाच्या तक्त्याबद्दल, कारण ते माझं रोजचं काम आहे. नफा-तोट्याचं पत्रक सीए वर्षातून एकदा देतो, त्याचा अशा वेळी उपयोग नाही. कागदावर नफ्यात असलेलं युनिट पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत म्हणून कोसळू शकतं. लागतो तो पुढच्या तेरा आठवड्यांचा साधा तक्ता. एक्सेल येत नसेल तर फुलस्केपवर काढा. आडव्या ओळीत आठवडे. वर येणं लिहायचं आणि ते "या महिन्यात येतील" असं ढोबळ लिहायचं नाही, बिल नंबर, तारीख, समोरून कुणी कधी देतो म्हणाला त्याचं नाव, हे सगळं लिहायचं. खाली देणं. पगार ७ तारखेच्या आत. टीडीएस ७ तारीख. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) १५ तारीख. जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारीख. मग बँकेचा हप्ता, महावितरणचं बिल, मटेरियल, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगवाल्याचं देणं, टेम्पोचं भाडं. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी किती उरतात ते लाल किंवा काळ्या पेनानं.

हा तक्ता पहिल्यांदा भरला की मालकाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. माणूस घाबरतो पण लगेच त्याचा आवाज खाली येतो, कारण आतापर्यंत "आपण बुडतोय" एवढीच भीती होती आणि आता समोर दिसतं की सहाव्या आठवड्यात चार लाख कमी पडणारेत. चार लाखांचं काहीतरी करता येतं. नुसत्या बुडतोय-बुडतोयचं काही करता येत नाही. एका टर्निंग शॉपमध्ये, म्हणजे लेथवर पार्ट घडवणाऱ्या युनिटमध्ये, असाच तक्ता भरल्यावर दिसलं की खरी अडचण ऑर्डरची नव्हतीच, दोन कस्टमरांकडे साडेतीन महिन्यांची बिलं पडून होती आणि त्यातली काही तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, न झाल्यामुळे समोरच्या अकाउंटपर्यंत पोचलीच नव्हती. मालक मात्र नवीन कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवत होते. मग रोज सकाळी एक तास फक्त वसुलीचा ठरवला, त्या तासात मालक स्वतः फोनवर, बाकी काही नाही.

आणि एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. जीएसटीचा पैसा आणि कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ हा मालकाचा पैसा नाही. तो आपल्या खात्यातून फक्त पुढे जायचा असतो. अडचण आली की पहिला हात तिथे जातो कारण ते मागायला लगेच कुणी दारात येत नाही. पण जीएसटी उशिरा भरला की वर्षाला १८ टक्के व्याज, पीएफला १२ टक्के आणि वर दंड वेगळा, म्हणजे बँकेपेक्षा महाग उसनवारी झाली ही. शिवाय कामगार हल्ली मोबाइलवर पीएफचं पासबुक बघतात. महिना भरला नाही हे त्यांना मालकाच्या आधी कळतं, आणि एकदा तो विश्वास गेला की मग तुम्ही कितीही भाषण द्या. ज्यांनी जीएसटीसाठी वेगळं खातं ठेवलं आणि कस्टमरचं पेमेंट आलं त्याच दिवशी कराचा भाग तिकडे वळवला, ते मला आजवर अडचणीत दिसले नाहीत असं नाही, पण नोटिशीत अडकलेले दिसले नाहीत.

बँकेचंही तसंच आहे. टर्म लोनचा हप्ता चुकला की बँक खात्यावर नजर ठेवायला शेरे मारते, ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, पुढे ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि त्यानंतर एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज. ही उतरण सगळ्यांना माहिती आहे पण माणूस बँकेत जातो कधी, तर ८० व्या दिवशी, आणि तेही मॅनेजरनं बोलावलं म्हणून. तेव्हा त्याच्या हातात फार काही उरलेलं नसतं. तोच तक्ता घेऊन हप्ता चुकायच्या आधी गेलात तर समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं बघतो, हे मी शेजारी बसून पाहिलंय. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला हप्त्यांना मुदत दिली, ती पुढे ऑगस्ट अखेरपर्यंत वाढली, आणि मेमध्ये केंद्राची विनातारण कर्जाची योजना आली, २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जास्तीचं. खूप युनिटं त्यावर तरली हे मान्यच करायला पाहिजे. पण मुदत म्हणजे माफी नव्हती, व्याज चालूच होतं, आणि ज्यांनी ते पैसे जुनी देणी आणि पगार यांना लावले ते आणि ज्यांनी हातात पैसा आला म्हणून गाडी बदलली ते, यांच्यात दोन वर्षांनी जमीन-अस्मानाचा फरक होता.

उधारीवरून आठवलं, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) बद्दल आपल्याकडे अजून पुरेसं बोललं जात नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे कलम लागू झालं, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात वजा करता येत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात तर उशिराच्या पेमेंटवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लिहिलेलं आहे. कायदा आपल्या बाजूनं आहे, पण तक्रार कोण करणार? पुढचं शेड्युल जाईल ही भीती खरी आहे, मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही. पण निदान बिलावर उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, छापा, करारात दिवस लिहून घ्या, आणि २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपनीला ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी बंधनकारक आहे, तर तिथे आपलं बिल चढवायला विचारा. हे भांडण नाही. मार्च जवळ आला की मोठ्या कंपनीच्या अकाउंटलाच आपले कुठले व्हेंडर सूक्ष्म-लघु आहेत याची यादी हवी असते.

आता शेडमधलं. पैशाची चणचण सुरू झाली की तपासणीवर गदा येते, हे मी हिशेबाची बाई असूनही सांगू शकते कारण डेबिट नोटा, म्हणजे कस्टमरनं कापलेल्या पैशाचे कागद, माझ्याच टेबलावर येतात. एका युनिटमध्ये अंतर्गत आट्यांचा छोटा पार्ट होता, बुशसारखा. मंदीत क्वालिटीचा एक मुलगा कमी केला आणि सेटिंग पीस, म्हणजे मशीन लावल्यावरचा पहिला नग, अप्रूव्ह करायचं काम ऑपरेटरवरच सोडलं. आटे तपासायच्या थ्रेड प्लग गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे गेजच्या अचूकतेच्या तपासणीच्या, स्टिकरची तारीख उलटून गेली होती, कॅलिब्रेशनचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकललेला. चांगल्या पार्टमध्ये शिरू नये ती नो-गो बाजू झिजलेली. झिजलेल्या गेजनं काय होतं ते मला तिथल्या जुन्या सुपरवायझरनं हातात गेज देऊन दाखवलं. आटे मोठे झालेल्या पार्टमध्ये नो-गो आत शिरायला हवा म्हणजे माल नापास होतो, पण इथे झिजल्यामुळे तो चांगल्या पार्टमध्येही शिरायला लागला होता, त्यामुळे त्यावर भरवसाच उरला नव्हता, शिरला तरी माल पुढे जायचा. माल गेला, कस्टमरच्या असेंब्लीत स्क्रू सैल बसले, त्यांची लाइन थांबली. मग सॉर्टिंगला आपली माणसं त्यांच्या प्लांटवर, टेम्पोचं जाणं-येणं, लाइन थांबल्याची डेबिट नोट. कॅलिब्रेशनचे जे वाचवले त्याच्या कित्येक पट गेले, आणि वर कमी झालेलं शेड्युल अजून कमी झालं, कारण कस्टमरला दोन व्हेंडरांपैकी एक निवडायचाच होता.

याच्या उलटही पाहिलंय. दुसऱ्या एका ठिकाणी पाठवलेल्या लॉटबद्दल शंका आली, मशीनमधला टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराचं माप, चुकीचा पडला होता बहुतेक, तर मालकानं त्याच संध्याकाळी कस्टमरच्या क्वालिटी हेडला स्वतः फोन केला की हा लॉट वापरू नका, आम्ही उचलतो. त्यांच्या मुलाला हे पटलं नव्हतं, त्याचं म्हणणं आधीच वाईट दिवस आहेत, कशाला स्वतःहून सांगायचं. पण पुढच्या महिन्यात व्हेंडर कमी करायची वेळ आली तेव्हा कस्टमरनं हे युनिट ठेवलं. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. जून २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा आमचा माल चांगलाच आहे असं म्हणत कंपनी कोर्टात गेली, पण माल दुकानांतून परत मात्र लगेच घेतला, त्यासाठी निकालाची वाट पाहिली नाही. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं बंदी उठवली, नवीन तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पाकीट परत दुकानात आलं. भांडण एका बाजूला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास दुसऱ्या बाजूला असं वेगळं ठेवता आलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांनी तर हे फार महागात शिकलंय. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले, निफाड-दिंडोरीच्या कित्येक घरांची वर्षाची कमाई गेली. त्यानंतर रडत बसले असते तर आज एवढी निर्यात दिसली नसती. आज एक्स्पोर्टच्या बागेत फवारणीची वही असते, कुठलं औषध कधी आणि काढणीच्या किती दिवस आधी, काढणीपूर्वी नमुना लॅबला जातो, प्लॉटची नोंद असते. त्याच काळात विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. मार्च २०२० ला ऐन हंगामात लॉकडाऊन लागला तेव्हा ज्यांची बाजारपेठ बंद झाली त्यातल्या अनेकांनी माल वेलीवर सडू देण्यापेक्षा बेदाणा केला. भाव कमी मिळाला असेल, पण निर्णय आठवड्याच्या आत घेतला, कारण द्राक्ष थांबत नाही. आम्हा कारखान्यांच्या लोकांना वाटतं की लोखंड सडत नाही म्हणजे वेळ आहे. वेळ नसतो.

माझ्या मते निर्णय आधीच ठरवून ठेवणं ही यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची गोष्ट आहे. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार बघा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. जुना दुकानदार तेव्हा विचार करत बसत नाही, कमरेला पाणी आलं की कुठला माल वर न्यायचा हे त्याच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. २००८, २०१६, २०१९ च्या पुरात हेच चाललं. तसं कारखान्यात आपलं एक माप हवं. खात्यात दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे उरले की मालकानं स्वतःची उचल निम्मी करायची. दीड महिन्याचे उरले की नवीन मशीनचा विचार बंद, ओव्हरटाइम बंद, महावितरणला कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारातला वीजभार, कमी करायचा अर्ज, कारण शेड रिकामी राहिली तरी डिमांड चार्ज यायचा तो येतोच. एक महिन्याचे उरले की बँकेत जायचं, त्या दिवशीच. हे सगळं शांत डोक्यानं चांगल्या दिवसांत लिहून भिंतीवर लावायचं, म्हणजे पाणी वाढत असताना घरात वाद होत नाहीत. घरात म्हणतेय कारण आपली बहुतेक युनिटं घरचीच आहेत, दोन भाऊ, वडील, कुणाचा मेहुणा, आणि वाईट दिवसांत निम्मी ताकद त्यांच्यातल्या वादात जाते.

मालकाची उचल पहिली का, तर कामगार बघत असतात. साहेबांनी स्वतःचं आधी कमी केलं हे शेडमध्ये एका दिवसात पोचतं. मग आठवड्यातून एक दिवस सुट्टी वाढवूया किंवा इन्सेंटिव्ह तीन महिने थांबवूया असं म्हटलं तर लोक ऐकून घेतात. लॉकडाऊनमध्ये मुंबई-आग्रा रोडनं चालत जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत, कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. मे २०२० च्या सुरुवातीला नाशिक रोडहून लखनौ आणि भोपाळसाठी श्रमिक गाड्या सुटल्या. जूनमध्ये हळूहळू कामं सुरू झाली तेव्हा ऑर्डर होती आणि मशीनवर माणूस नव्हता, अशी किती तरी शेड मी पाहिली. ज्यांनी एप्रिलमध्ये प्रत्येकाला फोन केला होता, थोडे का होईना पैसे खात्यावर टाकले होते, किराणा पोचवला होता, आणि खरं सांगितलं होतं की पूर्ण पगार जमणार नाही पण एवढं जमेल, त्यांची माणसं आधी परत आली. ज्यांनी फोन बंद ठेवला त्यांना नवीन माणूस शोधून सहा महिने शिकवावं लागलं. कामगारांपासून आकडा लपवून काही मिळत नाही हो, डिस्पॅचचा टेम्पो दिवसातून किती वेळा भरतो ते तेच मोजत असतात.

दुसरीकडे लक्ष उडण्याचा रोग. २०२० ला ज्याला त्याला फेस शिल्ड आणि सॅनिटायझर बनवायचं होतं. एका प्लॅस्टिकवाल्यानं उरलेली शिल्लक फेस शिल्डच्या मोल्डमध्ये घातली, मोल्ड तयार होऊन येईपर्यंत बाजारात भाव कोसळला होता, आणि इकडे त्यांचे नेहमीचे इलेक्ट्रिकल पार्ट वेळेवर न गेल्यानं जुना कस्टमर दुखावला. नवीन काम घेऊच नका असं मी म्हणत नाही. एका टर्निंगवाल्यानं त्याच काळात द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरचे पार्ट धरले, आणि ते टिकले, कारण तीच सीएनसी मशीन, तेच ऑपरेटर, तेच गेज, फक्त ड्रॉइंग नवं. शेती चालू होती म्हणून मागणी चालू होती. मशीन नवं, माणूस नवा, गिऱ्हाईक नवं आणि पैसा कर्जाचा, असं सगळं एकदम असेल तर तो धंदा मंदीत सुरू करू नये एवढं मला कळतं.

आणि मालक जागेवर हवा. उंटावरून शेळ्या हाकून चालत नाही, निदान त्या तीन-चार महिन्यांत तरी. सकाळी एक चक्कर शेडमधून, वसुलीचा तास, सोमवारचा तक्ता, एवढं झाल्यावर मग निवेदनं द्या, मंत्र्यांना भेटा, सगळं करा. सरकारकडे मागायचं नाही असं माझं म्हणणं मुळीच नाही, उशिराच्या पेमेंटचा प्रश्न तर सरकारनंच सोडवायला हवा.

आपल्याला दोन विनंत्या. एक, आपल्या उद्योगाच्या पानावर दर महिन्याच्या एक तारखेला छोट्या कारखान्यांसाठी त्या महिन्याच्या सगळ्या भरण्याच्या तारखा एका चौकटीत छापा, ७, १५, २० आणि त्या महिन्यातलं जे काही वेगळं असेल ते, म्हणजे ती चौकट कापून शेडमध्ये लावता येईल. दुसरी, निमा आणि आयमा या इथल्या कारखानदारांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत आपल्यामार्फत हे पोचावं की महिन्यातून एक शनिवार संध्याकाळ फक्त तेरा आठवड्यांचा तक्ता कसा भरायचा यासाठी ठेवा, भाषण नको, प्रत्येकानं आपली बिलं घेऊन यायचं आणि तिथेच बसून भरायचं. शिकवायला माझ्यासारख्या हिशेब करणाऱ्या बायका-पुरुष अंबड-सातपुरात भरपूर आहेत, आम्ही येऊ, मानधन नको. जागा आणि चहा असला म्हणजे झालं. वेळ मात्र सहानंतरची ठेवा, त्याआधी कुणाची शिफ्ट सुटत नाही.

आपली,
अंबडच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब पाहणारी एक वाचक
सिडको, नाशिक